कर्नलमधून काढलेली रशियन नावं, आणि त्यामागचा इतिहास

ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेन्टेनर्स फाइलमधून, म्हणजे कोडचा कुठला भाग कोण सांभाळतं त्या यादीतून, रशियन लोकांची नावं काढली, तेव्हापासून "ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) आधी राजकारण नव्हतं, आता घुसलंय" हे सारखं ऐकायला मिळतंय. ते खरं नाही, आणि ते धरून चाललं की त्या ऑक्टोबरात नेमकं काय चुकलं तेच दिसत नाही.

जुनं थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एन्क्रिप्शनचा कोड शस्त्रास्त्र निर्यातीच्या नियमांत अडकायचा, म्हणून डेबियन या लिनक्स-आधारित सिस्टिमची असली पॅकेजेस अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर 'नॉन-यूएस' नावाखाली वेगळी ठेवलेली असायची, ओपनबीएसडी ही दुसरी खुली ऑपरेटिंग सिस्टिम कॅनडातून चालायची, आणि पीजीपी या ईमेल एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रॅमचा अख्खा सोर्स कोड १९९५ मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला कारण छापील पुस्तक देशाबाहेर न्यायला आडकाठी नव्हती. २००० मध्ये नियम सैल झाले आणि हे सगळं विसरलं गेलं. त्याच्या आधी एका अमेरिकन विद्यापीठाच्या सर्किट डिझाइनच्या प्रोग्रॅमवर दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी तो वापरू नये अशी अट होती. वर्णभेद संपला तरी अट कागदावर राहिलीच. १९९८ ला ओपन सोर्सची व्याख्या ठरली त्यात माणसांवरून, गटांवरून किंवा कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव नको असं स्पष्ट लिहिलं गेलं, त्यामागे असले अनुभव होते.

भेदभाव नको हे कलम पुढे दोनदा तरी जोरात ताणलं गेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये लर्ना या जावास्क्रिप्ट प्रोग्रॅमर्सच्या टूलच्या लायसन्समध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याबरोबर काम करणाऱ्या कंपन्यांची यादी टाकून त्यांना वापर बंद केला, ते लगेचच मागे घ्यावं लागलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर नोड-आयपीसी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं प्रकरण झालं, आणि ते माझ्या मते फार वाईट होतं. लायसन्स तेच ठेवून कोडच बदलला. मशीनचा आयपी रशिया किंवा बेलारूसचा दिसला की डिस्कवरच्या फाइल्स पुसून त्यात हार्टचा इमोजी भरायचा. व्ह्यू या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचं कमांड लाइन टूल हीच लायब्ररी वापरायचं, म्हणजे ज्यांनी नोड-आयपीसीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या मशीनवर हे पोचलं. याला राजकीय भूमिका म्हणायला माझी तयारी नाही. युद्धाला विरोध करायचाय तर रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहा, पण दुसऱ्याची डिस्क पुसायचा हक्क कुणाला नाही.

आता कर्नल. १८ ऑक्टोबर २०२४ ला एक छोटासा पॅच (कोडमधला बदल) आला, साधारण डझनभर नोंदी काढणारा, बहुतेक डॉट आरयू ईमेलवाले. कारण म्हणून "विविध कम्प्लायन्स (नियमपालनाच्या) गरजा" एवढंच, वर पुरेशी कागदपत्रं दिली तर परत येता येईल. कुठला कायदा, कुठली कागदपत्रं, कुणाला द्यायची, काहीच नाही. जे लोक वर्षानुवर्षं एकेक ड्रायव्हर सांभाळत होते त्यांना आधी कळवलंसुद्धा नाही, आणि दोन-तीन दिवसांत ते कर्नलच्या ६.१२ आवृत्तीच्या आरसी-४ या चाचणी प्रतीत गेलं. मग लोकांनी विचारल्यावर प्रोजेक्टच्या प्रमुखांनी २३ तारखेला उत्तर दिलं, की बदल मागे घेतला जाणार नाही, आणि "मी फिनिश आहे, मी रशियन आक्रमणाला पाठिंबा देईन असं वाटलं का?" त्यानंतर दुसऱ्या एका ज्येष्ठ मेन्टेनरने वकिलांचा सल्ला म्हणून सांगितलं की कंपनी अमेरिकेच्या अर्थखात्याच्या निर्बंध यादीत असेल किंवा यादीतल्या कुणाच्या ताब्यात असेल तर तिथल्या माणसाचं नाव मेन्टेनर्समध्ये ठेवता येत नाही. त्याने झाल्या प्रकाराबद्दल माफीही मागितली.

माझा मुद्दा इथेच आहे. तो ज्येष्ठ मेन्टेनर म्हणतो कायद्यामुळे करावं लागलं, नाइलाज आहे. प्रमुख म्हणतात रशियाबद्दल माझं हे मत आहे. या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका आठवड्यात एकमेकांत मिसळल्या. कायदा असेल तर माणसाचं राष्ट्रीयत्व हा प्रश्नच नाही, तो कुठे नोकरी करतो एवढंच बघायचं. ईमेलचा शेवट बघून नाही चालत. भूमिका असेल तर ती ठरवून, चर्चा करून, उघडपणे घ्या. तसं झालं असतं तर निम्मा राग उद्भवलाच नसता. हे अचानक आलं असंही नव्हतं, मार्च २०२३ मध्येच कर्नलच्या नेटवर्किंग भागाच्या मेन्टेनरने रशियन प्रोसेसर बनवणाऱ्या एका कंपनीचे पॅच घ्यायला नकार दिला होता, म्हणजे नियम लिहून काढायला दीड वर्ष हातात होतं.

मग हुआवे या चिनी टेलिकॉम कंपनीची माणसं मेन्टेनर्समध्ये कशी राहिली हा प्रश्न खूपदा येतो. ती कंपनी वेगळ्या यादीत आहे, अमेरिकेच्या व्यापार खात्याच्या एंटिटी लिस्टमध्ये. तिथे निर्यातीवर बंधन असतं आणि सगळ्यांसाठी खुला असलेला कोड बहुतेक वेळा त्यातून सुटतो. अर्थखात्याच्या यादीत व्यवहारच बंद, सेवा देणंसुद्धा. हा फरक आपल्याला परका नाही, १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर ट्रॉम्बेची अणुसंशोधन संस्था त्याच एंटिटी लिस्टमध्ये गेली होती आणि बाहेर आली जानेवारी २०२५ मध्ये.

त्याच महिन्यात कर्नलला पैसा पुरवणाऱ्या संस्थेने अखेर मार्गदर्शन छापलं. त्यात कोड डाउनलोड करायला, वापरायला कुणालाच अडवलेलं नाही, लायसन्स जसंच्या तसं आहे. न मागता आलेला पॅच वाचणं साधारणपणे ठीक, पण निर्बंधातल्या माणसाशी बोलून तो सुधारून घेणं धोक्याचं. म्हणजे पॅच बरोबर असेल तर घ्या, आणि चुकला असेल तर "या ओळीत लॉक सोडायचा राहिलाय" एवढं लिहिताना मेन्टेनरने आधी यादी उघडून बघायची, तेही बहुतेकदा स्वतःच्या जबाबदारीवर.