सागरी प्राणिगणना : ड्रोन व सुदूर संवेदन

समुद्रातले प्राणी, सागरी गवत, प्रवाळ आणि किनाऱ्यावरची कांदळवने यांची मोजणी उपग्रह किंवा ड्रोनने वरून टिपलेल्या प्रतिमांवरून करण्याची पद्धत. सागरी संवर्धनात अनेक पीएच.डी. प्रबंध आता याच विषयावर होतात. उड्डाणाला काही तास पुरतात. खरे काम नंतरचे : हजारो प्रतिमा तपासायच्या आणि जे दिसले नाही त्याचा हिशेब लावायचा.

मुख्य अडथळा पाण्याचाच. जमिनीवरची वनस्पती निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या) प्रकाशात चटकन ओळखू येते. पाणी मात्र हा प्रकाश वरच्या थरातच शोषून घेते. म्हणून बुडालेल्या गवतासाठी निळ्या-हिरव्या प्रकाशावर भिस्त ठेवावी लागते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेतला सर्वांत बारीक ठिपकाही (पिक्सेल) प्रत्यक्षातल्या १० मीटरचा असतो. गवताच्या कुरणाला तो चालतो, पण मीटरभर लांबीचे कासव त्यात हरवते. तिथे ड्रोन लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या रेन बेटावर हिरव्या कासवांची जगातली सर्वांत मोठी वीण होते. तिथे अंडी घालायला आलेल्या माद्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढत आणि मग भोवतालच्या पाण्यात पट्टेवाली किती, बिनपट्ट्याची किती हे होडीतून मोजत. या गुणोत्तरावरून एकूण संख्या काढायची, असा हिशेब. गोम अशी, की पांढरा पट्टा डोळ्यांत आधी भरतो. पट्टेवाली जास्त मोजली गेली की एकूण अंदाज खाली येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ड्रोनच्या चित्रणावरून काढलेला अंदाज होडीवरच्या अंदाजाच्या १.७३ पट भरला. एवढी वर्षे चूक कासवांत नव्हती, माणसाच्या नजरेत होती.

त्याच देशातल्या शार्क बे इथे समुद्रगाईंसाठी (ड्युगाँग) केलेल्या चाचणीत सात उड्डाणांत ६,२४३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी तपासलेल्या छायाचित्रांत समुद्रगाईंच्या ६२७ नोंदी आढळल्या, त्याही माणसांनी डोळे ताणून शोधलेल्या. देवमाशांच्या बाबतीत नुसती मोजदाद नसते. ड्रोनची उंची नेमकी ठाऊक असेल तर छायाचित्रावरून प्राण्याची लांबी-रुंदी काढता येते आणि तो खाऊनपिऊन धष्टपुष्ट आहे की खंगला आहे, ते कळते.

महाराष्ट्रात सुदूर संवेदनाचा ठसठशीत उपयोग झाला तो पाण्याबाहेरच्या कांदळवनांसाठी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर उपग्रह-नकाशांचा आधार घेऊन त्यांना संरक्षण देण्यात आले. कोकणच्या गढूळ पाण्यात मात्र ड्रोनचा कॅमेरा पृष्ठभागापाशीच अडतो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासव-मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. त्याचाही संदेश उपग्रहापर्यंत पोचणार तो ती श्वास घ्यायला वर आली की, तेवढ्यापुरताच.