पाईपाला कायदा आहे, सरीला नाही

पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की आत तुंबलेलं काळं पाणी केंदाळासकट, म्हणजे जलपर्णीसकट, खाली सुटतं. मग शिरोळच्या बाजूला मेलेले मासे काठाला लागतात आणि बोट कारखान्यांच्या मळीकडे, गावांच्या सांडपाण्याकडे जातं. ते रास्तच आहे. पण काठावरच्या उसाचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि त्याची मुळं जुनी आहेत.

शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानाचं पाटबंधारे धोरण आखलं, पुढे भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. दुष्काळाने पोळलेल्या मुलखात प्रश्न एकच होता, पाणी शेतापर्यंत पोचवायचं कसं. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, नदीकाठाने मोटारी बसल्या. पाण्याचे नियम झाले ते कुणाला पाण्याच्या किती पाळ्या, पाणीपट्टी किती, यासाठी. शेतातून परत काय वाहून येतं, हा प्रश्न त्यात नव्हताच.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीच केला होता. दोन्ही वेळा नजर होती कारखान्यावर आणि शहराच्या गटारावर. पाईप सापडतो, नमुना घेता येतो, नोटीस काढता येते. उसाच्या रानाला असं एक तोंड नसतं.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, आहे. सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एकरी ४५ किलोची जवळपास आठ पोती. विद्यापीठ ती हप्त्याहप्त्याने द्यायला सांगतं, मातीआड करायला सांगतं. पण आडसाली लागण ऐन जुलै-ऑगस्टची. सकाळी बुडख्याशी मुठीने टाकलेले पांढरे दाणे दुपारच्या सरीवर सरी पावसात विरघळतात, आणि गढूळ पाणी बांध फोडून ओढ्याला मिळतं. केंदाळ पोसतं ते अशाच नत्रावर. ही शेतकऱ्याची मस्ती नव्हे. टनेज घसरलं तर सोसायटीचं कर्ज कशातून फिटणार, ही धास्ती त्याच्या मुठीत असते.

युरोपने १९९१ मध्ये नायट्रेटचा निर्देश काढला आणि धोक्याच्या पट्ट्यात शेणखतातून हेक्टरी १७० किलो नत्राची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे आहे ती शिफारस, मर्यादा नाही.

पाणथळांचंही तेच. पाणथळ जागा राखण्याच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात भारत १९८२ मध्ये आला, २०१० मध्ये नियम झाले, २०१७ मध्ये बदलले. नव्या नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. आता कोल्हापुरात नजर टाका. पंचगंगेचं पात्र बाहेर, पन्हाळा-शाहूवाडीची खाचरं बाहेर, शहराच्या पिण्यासाठी बांधलेला कळंबाही बाहेर. मला यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

उलट्या बाजूने पाऊल पडलं ते जमीन मेल्यावर. शिरोळात अतिपाणी आणि अतिखताने रानं क्षारपड झाली, मिठाचा पांढरा थर वर आला. तिथे दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा सुरू झाला आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. निचऱ्याचं ते खारं पाणी मात्र शेवटी नाल्यालाच जातं. २०१५ पासून युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला, त्याने नत्र सावकाश सुटतं. २०१७ मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला, पण तोही पाणी वाचवण्यासाठी. काठावरच्या रानात आजही बहुतेक ठिकाणी पाटानेच पाणी सुटतं.