गुंडे नोप्पी म्हणजे काय: सोलापूरच्या दवाखान्यातले दुभाषे आले कुठून

बाहेरून बदली होऊन आलेल्या डॉक्टरसमोर सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली एखादी म्हातारी "गुंडे नोप्पी" म्हणाली की त्याला वाटतं हिला गुंडांनी मारलं की काय. तेलुगूत गुंडे म्हणजे हृदय, नोप्पी म्हणजे दुखणं, म्हणजे तिला छातीत दुखतंय आणि ईसीजी काढायचाय! अक्कलकोटकडची आजी "उरी" म्हणते ते पण आपलं उरात नाही, कानडीत उरी म्हणजे जळजळ. आता ती छातीत का लघवीला हे विचारायचं तर पुढचं कानडी पण यायला लागतं.

हे असं का झालं त्याला गिरणी कारण. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग म्हणजे आपली जुनी मिल सुरू झाली, हातमाग तर त्याच्याही आधीपासून होते, आणि निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पद्मशाली विणकर घरंच्या घरं उचलून इकडं आले. कानडी लोक तर इथलेच, शिवाय दखनी बोलणारे मुसलमान. बाजारात सगळ्यांना सगळं थोडं थोडं येतं म्हणून कुणाला कधी अडलं नाही. पण भाजी घ्यायला पुरते तेवढी भाषा दुखणं सांगायला पुरत नाही, त्यात घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांचं अख्खं आयुष्य तेलुगूतच गेलेलं.

गंमत म्हणजे पेशंटची भाषा शिकणाऱ्या डॉक्टरचं जगात गाजलेलं उदाहरण सोलापूरचंच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म इथला, १९१०. काँग्रेसनं १९३८ ला चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं त्यात ते गेले, तिथं चिनी शिकले, तिथल्या पोरांना चिनीतच शिकवायला लागले, लग्न पण तिथंच केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. पण सगळे डॉक्टर कोटणीस नसतात, आणि ओपीडीला दोनशेची लाईन असताना कोण शिकणार भाषा.

बाहेरच्या देशात यावर नियम आले ते हळूहळू. ऑस्ट्रेलियानं १९७३ ला फोनवर दुभाष्या मिळायची सरकारी सोय केली. अमेरिकेत, कुठल्या देशाचा आहे यावरून भेदभाव करू नका म्हणणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार होता, पण लोकांना हादरवलं ते १९८० च्या फ्लोरिडातल्या केसनं. अठरा वर्षांचा पोरगा बेशुद्ध, घरचे स्पॅनिशमध्ये "इंटॉक्सिकादो" म्हणाले, म्हणजे खाण्यात काहीतरी बाधलंय, डॉक्टरांनी इंग्रजीतला सारखा शब्द धरून नशेची केस समजली, आणि निघाला मेंदूतला रक्तस्राव. पोराचे हातपाय कायमचे लुळे पडले, भरपाई साधारण ७ कोटी १० लाख डॉलरच्या घरात गेली. आपल्या उरीचंच भावंड हे, शब्द ओळखीचा वाटला म्हणून कुणी परत विचारलं नाही.

आपल्याकडं भाषा कायद्यात आली ती तुकड्यातुकड्यानं. गर्भलिंग तपासणीच्या १९९४ च्या कायद्यात बाईची संमती "तिला समजणाऱ्या भाषेत" घ्या असं लिहिलंय. २००८ ला समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती सही म्हणजे संमती नाही, पेशंटला पुरेशी माहिती द्यायला पाहिजे. सगळं बरोबर आहे, फक्त समजणाऱ्या भाषेत बोलणार कोण, पगार कोण देणार, हे कुणी लिहिलं नाही. मग ते काम पडलं घरातल्या शाळकरी पोरांवर.

मी पण केलंय. सातवीत होतो, आमच्या नानम्माला, म्हणजे वडिलांच्या आईला, पोटात गाठ होती, घरात मराठी वाचता बोलता नीट येणारा मी एकटाच. डॉक्टर फाईल मिटवून म्हणाले, "घरी न्या, आता सेवा करा." हे मराठीतलं डॉक्टरी वाक्य आहे, मोठ्यांना बरोबर कळतं की औषध संपलं, मला नाही कळलं. मला वाटलं पाय चेपायचे वगैरे. नानम्मानं विचारलं, "एमन्नडू?" काय म्हणाला तो. मी तोंड उघडायच्या आत नानांनी माझं मनगट दाबलं, मग मी म्हटलं "इंटिकी पोदाम", घरी जाऊया. ती खूश झाली, पिशवी भरायला लागली. खोटं काहीच बोललो नव्हतो मी.

घरचा माणूस दुभाष्या असला की असंच होतं, तो शब्द पोचवत नाही, गाळून देतो. तरी नानांना मी दोष देत नाही. आमच्या पद्मशाली जातीचा मूळपुरुष मार्कंडेय, यमाला परत पाठवलेला, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ ओढणाऱ्या घरात मरणाचा विषय कोण काढणार!

मरणाच्या बाबतीत कायदा आता बराच पुढं गेलाय. वर्षानुवर्षं निपचित पडून असलेली नर्स अरुणा शानबाग, तिच्या केसमध्ये २०११ ला उपचार थांबवून मरू द्यायचं दार किलकिलं झालं, ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायला, मान्यता मिळाली, २०२३ ला ती पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी असला की चालतं. व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत, हे माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो. पण "व्हेंटिलेटर काढणं" आणि "मारून टाकणं" यातला फरक तेलुगूत समजावून सांगायचा तर घरातला नसलेला कुणीतरी पाहिजे.

ते सध्या वॉर्डातली मावशी करते. राऊंडला तेलुगू पेशंट आला की डॉक्टर तिलाच हाक मारतात, ती बादली बाजूला ठेवून येते, दोन मिनिटं बोलते, कधी डॉक्टरांनी न सांगितलेलं पण सांगते, आणि परत फरशी पुसायला लागते. हजेरीपटावर ती सफाई कामगार आहे.