‘इंचू’ सिनेमात नाहीच: गाणी आणि पार्श्वसंगीत

सांगलीत आमचा पाच-सहा जणांचा कट्टा आहे. रविवारी संध्याकाळी आमराईत दोन फेऱ्या झाल्या की भडंगाचा पुडा मधे ठेवून बसायचं आणि आठवडाभरात कुणी काय ऐकलं ते सांगायचं, एवढाच कार्यक्रम. सगळ्यांना सिनेमाच्या संगीताचं वेड. मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण म्हणाला, “मी सध्या फँड्रीचं पार्श्वसंगीत ऐकतोय. काय काम केलंय अजय-अतुलनी!” आणि त्यानं फोनवर इंचू चावल्याचं ते गाणं लावलं.

गाणं जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. हलगी सुरू झाली की आजही अंगावर काटा येतो. पण ते पार्श्वसंगीत नाही, आणि गंमत म्हणजे ते गाणं सिनेमातही नाही. फँड्रीच्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल यांनी ते केलं होतं. सिनेमाच्या आतलं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे. मी हे सांगितलं तेव्हा मित्राला पटेना. “मी सिनेमा दोनदा बघितलाय, मला गाणं आठवतंय की!” त्याला गाणं आठवत होतं ते जाहिरातीतून, आणि सिनेमात जे वाजलं होतं ते मात्र त्याला अजिबात आठवत नव्हतं. गाणं आणि पार्श्वसंगीत यांतला फरक नेमका इथेच आहे असं मला वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घोळाला आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. पार्श्वगायन आणि पार्श्वसंगीत हे शब्द इतके जवळचे आहेत की दोन्ही एकाच कपाटातले वाटतात. पार्श्वगायनात मागे असतो तो गायक. पडद्यावर ओठ नटाचे हलतात, गळा दुसऱ्याचा असतो. पण गाणं स्वतः पुढेच असतं, त्या चार-पाच मिनिटांत गोष्ट त्याच्यासाठी वाट सोडून उभी राहते. पार्श्वसंगीतात संगीतच मागे असतं. पुढे माणसं बोलत असतात, दार उघडत असतं, एसटी येत असते, आणि त्या सगळ्याच्या पाठीशी काहीतरी वाजत असतं. वादक मंडळी त्याला नुसतं ‘बॅकग्राउंड’ म्हणतात, आमच्या कट्ट्यावरची कॉलेजची पोरं ‘बीजीएम’ म्हणतात. नाव काहीही घ्या, वस्तू एकच.

दोन्ही जन्माला येतात तीच मुळी उलट्या क्रमानं. आपल्याकडे गाणं बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या आधी तयार होतं. चाल, शब्द, ध्वनिमुद्रण सगळं उरकतं, मग ते सेटवर वाजवून त्याच्यावर नट ओठ हलवतात आणि कॅमेरा त्या गाण्याच्या तालावर फिरतो. म्हणजे चित्र गाण्याच्या मागे जातं. पार्श्वसंगीताचं काम सिनेमाचं संकलन पक्कं झाल्यावर सुरू होतं. दिग्दर्शक आणि संगीतकार शेजारी बसून सिनेमा बघतात आणि ठरवतात: इथे संगीत आत येईल, इथे बाहेर पडेल, इथे काहीच नको. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी जातात. बाईनं मान वळवली त्याच्या 12 चौकटी आधी व्हायोलिन सुरू झालं तर ते अर्धा सेकंद आधी झालं, आणि प्रेक्षकाला पुढचं आधीच कळलं. इथे संगीत चित्राच्या मागे जातं, आणि फार शिस्तीत जातं.

आणखी एक बंधन आहे, ते ऐकणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. शेवटच्या मिश्रणात संवाद, बाकीचे आवाज आणि संगीत असे वेगवेगळे धागे एकत्र विणले जातात आणि त्यात राजा असतो संवाद. माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतच बासरी भरभरून वाजली तर शब्द बुडतात. म्हणून चांगला पार्श्वसंगीतकार बोलण्याखाली खर्जातला एखादा लांब स्वर ठेवतो, किंवा दोन वाक्यांमधल्या श्वासाची वाट बघतो. गाण्याच्या संगीतकाराला ही अडचण नाही, त्याचे शब्द त्याच्याच चालीवर बसलेले असतात.

आता एक प्रसंग जरा जवळून बघू. 1955 सालचा सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’. संगीत पंडित रविशंकर यांचं. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी परततो. त्याला अजून माहीत नाही की त्याची मुलगी दुर्गा गेली. तो कौतुकानं आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोसमोर काढतो, त्यात दुर्गासाठी आणलेली साडी निघते. सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडं आहे, ती आक्रोश करतेय हे दिसतं, पण तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या सप्तकात, पटदीप रागाच्या सुरांत. दक्षिणामोहन टागोर यांनी ती वाजवली आहे.

मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की मी तिचं रडणं ऐकलं. दुसऱ्यांदा पाहताना कळलं की रडणं नव्हतंच. तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य. दिलरुब्याच्या जातीचं, वर आवाज मोठा करायला कर्णा लावलेला, त्यामुळे तारेचा आवाज शहनाईसारखा चिरत येतो. माणसाच्या गळ्याच्या इतक्या जवळचा आवाज, तरी माणसाचा नाही. खरं रडणं ऐकवलं असतं तर ते त्या एका बाईचं राहिलं असतं. आता तोच पटदीप रेकॉर्डवर वेगळा काढून ऐकवला तर तो मोजके क्षण चालणारा एक तुकडा आहे. त्याला मुखडा नाही, अंतरा नाही, गुणगुणायला काही नाही. घरी स्वयंपाक करताना लावावा असं त्यात काहीच नाही. पण चित्राखालून तो काढून घ्या, प्रसंग अर्धा होतो. गाण्याला असली परीक्षा लावता येत नाही, आणि लावूही नये.

मला हे नीट उमगलं ते मात्र मिरजेत. सांगलीहून मिरज म्हणजे आमचं शेजारघरच. तिथल्या सतारमेकर गल्लीत एक ओळखीचे काका आहेत, तंबोरे करतात. त्यांच्याकडे कधी नुसतंच जाऊन बसावं. एकदा ते जवारी काढत होते, म्हणजे तारांखालची घोडी घासून झंकार जुळवत होते. घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, तो केसभर पुढे-मागे केला, आणि एका जागी तंबोरा एकदम उघडला. सगळी खोली त्या झंकारानं भरून गेली. काका म्हणाले, “आता बोला तुम्ही, गप्पा मारा.” आम्ही बोलत बसलो, ते चारही तारा छेडत राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी हात थांबवला आणि खोलीतला उजेड कमी व्हावा तसं वाटलं. बोलताना तंबोरा ऐकतोय असं एकदाही मनात आलं नव्हतं. थांबला तेव्हा कळलं की तो होता.

तंबोरा आणि पार्श्वसंगीत एकच असं मी म्हणत नाही. तंबोरा ठरलेल्याच स्वरांना धरून राहतो, पार्श्वसंगीत प्रसंगागणिक बदलतं. पण त्या दिवसापासून सिनेमा बघताना मी संगीत सुरू होण्याऐवजी ते थांबण्याकडे कान ठेवतो. पार्श्वसंगीत कधी सुरू झालं हे सहसा कळत नाही, थांबलं की नक्की कळतं.

गाणी नाहीत म्हणजे सिनेमाला संगीत नाही, हाही एक गैरसमज. बी. आर. चोप्रा यांची निर्मिती असलेले ‘कानून’ (1960) आणि ‘इत्तफाक’ (1969) हे दोन्ही सिनेमे बिनगाण्याचे. दोन्हींचं पार्श्वसंगीत सलील चौधरी यांचं, म्हणजे ज्या माणसाच्या गाण्यांवर आपण जीव टाकतो त्याच माणसाचं. त्यांना गाण्याची जागाच दिलेली नाही, तेव्हा त्यांनी काय केलं हे ऐकण्यासाठी तरी ‘इत्तफाक’ बघावा. एका रात्रीत, बहुतांशी एका घरात घडणारी ती गोष्ट. उलट, एकाच सिनेमात दोन्ही कामं वेगवेगळ्या हातांत असल्याचं उदाहरण हवं असेल तर ‘तुंबाड’ घ्या. शीर्षकगीत अजय-अतुल यांचं, पार्श्वसंगीत येस्पर कीड या डॅनिश संगीतकाराचं. त्याचं नाव व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांना आधीपासून ठाऊक होतं. आमच्या कट्ट्यावर ‘तुंबाड’च्या संगीताची तारीफ चालते तेव्हा मी आधी विचारतो, कुठलं? वाड्यातला तो ओला अंधार आवडला असेल तर श्रेय एकाला, गाणं आवडलं असेल तर दुसऱ्यांना. कौतुक योग्य दारात पोचावं एवढीच माझी इच्छा.

पुरस्कार देणाऱ्यांनी हा भेद कधीच मान्य केला आहे. 2009 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत गाण्यांसाठी ‘देव डी’चे अमित त्रिवेदी आणि पार्श्वसंगीतासाठी ‘पळसी राजा’चे इळयराजा, अशी दोन वेगळी नावं होती. ए. आर. रहमान यांना 2009 मध्ये ऑस्करच्या दोन बाहुल्या मिळाल्या, एक पार्श्वसंगीताची आणि एक ‘जय हो’ या गाण्याची. 2023 मध्ये ‘आरआरआर’ला मिळालं ते फक्त गाण्याचं. त्या वेळी आपल्याकडे सरसकट ‘संगीताचं ऑस्कर’ असं म्हटलं गेलं, ते तितकंसं बरोबर नव्हतं.

काही आवाज या दोन्ही खणांत बसत नाहीत. ‘शोले’तली ती संध्याकाळ आठवा. राधा हवेलीतले दिवे एकेक करून मालवत जाते आणि समोर जय माउथ ऑर्गन वाजवत बसलेला असतो. ती धून भानू गुप्ता यांनी वाजवलेली. गाणं नाही ते. पण निव्वळ पार्श्वसंगीत तरी कसं म्हणायचं? जय स्वतः वाजवतोय, राधाला ते ऐकू येतंय. प्रसंगातल्या माणसांना ऐकू येणारा आवाज आणि फक्त आपल्याला ऐकू येणारा आवाज यांच्यामध्ये फार बारीक रेघ असते. ‘शोले’चे संगीतकार आर. डी. बर्मन त्या रेघेवर उभे आहेत. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत, त्यांच्यातलं सगळं बोलणं ती धून करते. गाण्यांइतकीच ती लोकांच्या तोंडी आहे, म्हणजे पार्श्वसंगीत कधीच गुणगुणलं जात नाही असंही नाही. धूनच तशी असेल तर ती मागून पुढे येते.

आणि मग शांतता. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी थेट अमेरिकेत जाऊन मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला. केवढा तो व्हायोलिनांचा समुद्र! थिएटरात ‘झिंगाट’ला लोक खुर्च्यांवरून उठून नाचत होते, मी स्वतः त्या गर्दीत होतो. त्याच सिनेमाच्या शेवटी लहान मुलगा दारातून आत येतो, मागे फिरतो, फरशीवर लाल पावलं उमटत जातात, आणि तिथे काहीही वाजत नाही. नाचलेलं तेच थिएटर तेव्हा इतकं गप्प झालं होतं की मागच्या रांगेतल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. कुठे वाजवायचं नाही हे ठरवणं हाही पार्श्वसंगीताचाच निर्णय. माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात मोठा.

तेव्हापासून कट्ट्यावर आम्ही एक पद्धत ठेवली आहे. गाणं सुचवायचं असेल तर नुसतं लावा, गाणं स्वतःची ओळख स्वतः करून देतं. पार्श्वसंगीत सुचवायचं असेल तर आधी प्रसंग सांगा: कोण कुठे उभं आहे, आधी काय झालं, संगीत कुठे आत येतं. अल्बमवर हे तुकडे सुटे मिळतात, मीही रात्री हेडफोन लावून ऐकतो, आणि त्यातही सुख आहे. पण घरात ऐकताना ते आवडलं नाही म्हणून पार्श्वसंगीत वाईट असा निकाल देऊ नये, आणि घरात फार आवडलं म्हणून सिनेमात ते चांगलंच असेल असंही धरू नये. अल्बमवर मला भारी वाटलेले काही तुकडे पडद्यावर प्रसंगाचा गळा दाबताना मी पाहिले आहेत. नट डोळ्यांनी सांगतोय तेच व्हायोलिन ओरडून सांगत असतं.

फँड्रीवाल्या मित्रानं त्याच आठवड्यात सिनेमा तिसऱ्यांदा बघितला. रात्री साडेअकराला त्याचा फोन. “अरे, ते डुकरामागं धावतात, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं घर जाग्यावर उभं. डुक्कर निघून चाललंय डोळ्यांदेखत, आणि हे हलत नाहीत. ते जन गण मन कशात धरायचं?”

मी म्हणालो, “ते शाळेतलंच आहे की. त्यांना ऐकू येतंय म्हणून तर थांबलेत.”

“ते कळलं रे. पण मला वाजलं ते दुसरंच.” थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “रविवारी लॅपटॉप घेऊन येतो. तेवढाच प्रसंग बघू. एकदा आवाज लावून, एकदा बंद करून.”