वनौषधी सप्लिमेंटमधील बुरशीजन्य विषाची तपासणी : अर्ज कोणी, कोठे आणि कोणत्या कागदपत्रांसह करावा

अश्वगंधा, शतावरी, शेवग्याची पाने किंवा हळद यांच्या कॅप्सूल आणि पुडी आता किराणा दुकानातही मिळतात. कच्चा माल नीट वाळवला गेला नाही किंवा दमट गोदामात पडून राहिला, तर त्यावर अ‍ॅस्परजिलस गटातील बुरशी चढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनचा समावेश मानवाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात केला आहे. माल दळून कॅप्सूलमध्ये भरल्यावर बुरशीचा मागमूस उरत नाही, विष मात्र टिकून राहते. म्हणून ते आहे की नाही हे प्रयोगशाळेतच कळू शकते.

अर्ज करण्यापूर्वी वेष्टन वाचावे, कारण पुढची सगळी प्रक्रिया त्यावर अवलंबून आहे. वेष्टनावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक आणि ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असा उल्लेख असेल, तर ते उत्पादन कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे आणि त्याला अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 लागू होतो. ‘आयुर्वेदिक औषध’ असे लिहून औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक दिला असेल, तर ते औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 खाली येते. एकच अश्वगंधा एका कंपनीची अन्न म्हणून आणि दुसरीची औषध म्हणून एकाच फळीवर विकली जाते, हे ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही.

अन्न या वर्गातील उत्पादनासाठी 2006 च्या अधिनियमाचे कलम 40 ग्राहकाला थेट अधिकार देते. अन्न सुरक्षा अधिकारी वगळता वस्तू विकत घेणारी कोणतीही व्यक्ती शुल्क भरून ती अन्न विश्लेषकाकडून (अन्नाचे नमुने तपासण्यासाठी नेमलेल्या अधिकृत तज्ज्ञाकडून) तपासून घेऊ शकते. मात्र याला एक अट आहे आणि बहुतेक जण तिथेच अडतात : वस्तू तपासणीसाठी पाठवण्याचा आपला इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावा लागतो. घरी आणून निम्मी बाटली संपवल्यावर शंका आली, तर त्या बाटलीवर हा अर्ज उभा राहत नाही. नव्याने खरेदी करावी लागते. ‘या उत्पादनाचा अमुक बॅच क्रमांकाचा नग मी कलम 40 नुसार तपासणीसाठी घेत आहे’ असे दोन ओळींचे पत्र दुकानात द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. दुकानदार कुरकुर करतो, पण पत्र घेतल्याने तो दोषी ठरत नाही, हे त्याला शांतपणे सांगितलेले बरे.

अर्जासोबत पक्के बिल, विक्रेत्याला दिलेल्या पत्राची पोच, वेष्टनाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे आणि सील न तोडलेला नमुना असावा. ओळखपत्राची प्रतही जवळ ठेवावी. बिलावर बॅच क्रमांक छापलेला नसेल, तर तो दुकानदाराकडून लिहून घ्यावा, कारण बिलावरचा माल आणि बाटलीतला माल एकच आहे हे दाखवणारा तोच दुवा असतो. अर्ज कोणत्या अन्न विश्लेषकाकडे करायचा आणि शुल्क किती, याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे करावी.

नमुना किती द्यायचा, हेही आधी विचारावे. अफ्लाटॉक्सिन मालात सारखे पसरलेले नसते; एखाद्या मुळीत भरपूर आणि शेजारच्या मुळीत काहीच नाही, असे होते. अनेक प्रचलित पद्धतींत एका चाचणीसाठी सुमारे 25 ग्रॅम पूड लागते. 500 मिलिग्रॅमच्या 60 कॅप्सूल फोडल्या तर जेमतेम 30 ग्रॅम पूड निघते, म्हणजे एक बाटली एकाच चाचणीत संपते. त्यामुळे एकाच बॅचच्या तीन-चार बाटल्या घेऊन त्यांतली एक स्वतःजवळ सीलबंद ठेवणे शहाणपणाचे आहे.

अर्जात केवळ ‘गुणवत्ता तपासावी’ असे लिहू नये. तसे लिहिल्यास ओलावा, राख, जिवाणूसंख्या यांचा अहवाल हाती येऊ शकतो आणि ज्यासाठी धडपड केली ते राहून जाते. अफ्लाटॉक्सिनचे प्रकार नावानिशी देऊन ‘अफ्लाटॉक्सिन बी1, बी2, जी1, जी2 आणि त्यांची एकूण मात्रा’ असे स्पष्ट लिहावे. गरज वाटल्यास ऑक्रॅटॉक्सिन ए हे दुसरे बुरशीजन्य विषही जोडावे.

अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कलम 40 खालील अहवालाची प्रत खरेदीदाराला आणि एक प्रत पदनिर्देशित अधिकाऱ्याला (या अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) जाते. उत्पादन नियमबाह्य ठरले, तर भरलेले शुल्क परत मिळण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि खटल्याची पुढील कारवाई प्रशासन करते.

आयुर्वेदिक औषधाच्या बाबतीत वाट थोडी लांबची आहे. औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा ग्राहकाचा अधिकार 1940 च्या अधिनियमात कलम 26 मध्ये आहे. परंतु आयुर्वेदिक औषधांच्या स्वतंत्र प्रकरणाला कलम 22 ते 25 लागू केली आहेत, 26 नाही. म्हणून बिल आणि वेष्टनासह अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी, म्हणजे औषध निरीक्षक स्वतः नमुना घेऊ शकतो.

खासगी प्रयोगशाळेतूनही तपासणी करता येते, पण तो अहवाल माहितीपुरता धरावा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढे पुरेसे नाही. मान्यतेच्या व्याप्तीत वनौषधी किंवा न्यूट्रास्युटिकल या मालातील अफ्लाटॉक्सिनची चाचणी आहे का, ते पाहावे.

अहवाल वाचताना एकक तपासावे. भारतात मसाल्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम आहे. आयुर्वेदिक औषधसंहितेत (औषधांची मानके ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात) एकट्या बी1 ची मर्यादा 0.5 पीपीएम, म्हणजे किलोमागे 500 मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय औषधसंहितेत वनौषधींसाठी ती 2 मायक्रोग्रॅम आहे. ही तफावत मला तरी समर्थनीय वाटत नाही. त्यामुळे ‘मर्यादेत’ या शेऱ्यावर न थांबता प्रत्यक्ष आकडा आणि तुलनेसाठी घेतलेली मर्यादा, दोन्ही अहवालात मागून घ्यावेत.

नुकसानभरपाई हवी असल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 38 नुसार, चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. चाचणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते. जवळ ठेवलेली सीलबंद बाटली येथे उपयोगी पडते.