लहान मुलांना घेऊन कर्ली खाडीत कॅनूने (वल्ह्याच्या छोट्या होडीने) एक मुक्काम : बुकिंगच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "या शनिवार-रविवारी जागा आहे का?" आणि आम्ही लगेच कॅलेंडरकडे बघून विचारतो, त्या दिवशी तिथी काय? समोरच्याला वाटतं हे लोक मुहूर्त बघतात. मुहूर्तच आहे, फक्त पाण्याचा आहे. म्हणून हे माहितीपत्रक लिहिलंय, कारण फोनवर पाच मिनिटांत हे नीट सांगून होत नाही आणि मुलं सोबत असताना ते नीट कळलेलं असणं फार गरजेचं आहे.

कर्ली ही सिंधुदुर्गातली नदी आहे पण नेरूरपारच्या पुलाखाली तुम्ही पाण्यात हात घालून जीभेला लावलात तर खारट लागेल, म्हणजे इथे समुद्र आत येतो. देवबागला नदी समुद्राला मिळते, आणि तिथून भरतीचं पाणी आत चढतं, सहा तास चढतं, सहा तास उतरतं, दिवसातून दोनदा. तुमच्या होडीत वल्हं मारणारे दोन मोठे आणि मध्ये बसलेलं एक सात वर्षांचं पोर, एवढ्या ताकदीवर ओहोटीच्या उलट जायचं म्हटलं तर तासाभरात आईबाबा दमतात, मूल कंटाळतं आणि मग होडीत भांडण. तेच पाणी तुमच्या बाजूने असेल तर वल्हं नुसतं दिशा द्यायला लागतं. सगळी ट्रिप यावर आहे.

आता तिथीचा हिशोब. हा कोकणात सगळे दर्यावर्दी करत आलेत आणि तुम्हीही घरी बसून करू शकता. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, भरती ३ च्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, हिशोब एकच. मिनिटाला मिनिट जुळत नाही, खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, त्यामुळे निघायच्या दिवशी आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता बघतोच, पण तारीख ठरवायला एवढं पुरतं.

म्हणून मुलांच्या ट्रिपा आम्ही नवमी ते एकादशीच्या आसपासच ठेवतो. सकाळी साडेसात-आठला पाणी पूर्ण भरलेलं असतं, तेव्हा होड्या पाण्यात घालायच्या आणि उतरत्या पाण्याबरोबर खाली जायचं. दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तास पुढे सरकते म्हणजे नाश्ता शांतपणे होतो आणि पुन्हा ओहोटीच मिळते. शिवाय अष्टमीनंतरचे हे दोन-तीन दिवस भांगाचे असतात, पाणी फार वर चढत नाही, फार खाली जात नाही, ओढ कमी. आणि उधाणाला म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला पाणी पुरुषभर सुद्धा चढतं-उतरतं आणि ओढ अशी असते की वल्हं हातात थरथरतं.

तरी लोकांना पौर्णिमाच हवी असते. चांदणं, खाडी, मुलं, छान वाटतं ऐकायला, आम्हालाही वाटलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत एकदा कोजागिरीला दोन कुटुंबं घेतली, मुलं चार, सगळ्यात धाकटा साडेपाच वर्षांचा. तंबू वाळूच्या उंचवट्यावर लावले, संध्याकाळी पाणी तिथून चांगलं वीस पावलं लांब होतं. साडेअकराला मला जाग आली ती तंबूच्या कापडाला पाणी लागून जो चपचप आवाज येतो ना, त्याने. झोपलेली पोरं खांद्यावर टाकून वरच्या घराच्या पडवीत नेली, कोणाला काही झालं नाही, पण धाकट्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. सकाळी सहाला पूर्ण ओहोटी, होड्या गाळात रुतलेल्या, आणि दुपारपर्यंत सगळे बसून. चूक पूर्ण आमची होती. त्यानंतर मुलं असतील तर उधाणाला मुक्काम नाही म्हणजे नाही, कितीही ओळखीचे असा.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केलेत ना, ते इथे अंगावर कळतात. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून मंद असतो, पाणी काचेसारखं. अकरा-साडेअकरानंतर समुद्राकडून वारा सुरू होतो आणि आपण तर समुद्राच्याच दिशेने चाललेलो, म्हणजे समोरून. वरून वारा एकीकडे आणि खालून ओहोटी दुसरीकडे असलं की छोट्या तुटक लाटा उठतात, त्या होडीत शिंतोडे मारतात आणि मुलं घाबरतात. म्हणून आपण आठला निघून अकराच्या आत थांबतो. मध्ये एक थांबा, एकूण सात-आठ किलोमीटर, त्याच्यापुढे नाही. मोठ्या लोकांना हे कमी वाटतं, त्यांना मी एवढंच सांगते की मुलाला तीन तास होडीत बसवून बघा.

थांबतो तो जांभ्या दगडाच्या पायऱ्या असलेल्या धक्क्याला, कारण दुपारी पाणी पूर्ण उतरतं आणि मग बाकी काठाला मांडीपर्यंत गाळ. साडेचारनंतर पाणी परत चढत असतं तेव्हा मुलांना खाडीच्या बाजूच्या छोट्या फाट्यात कांदळवनात, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या रानात, नेतो. चढत्या पाण्यातच न्यायचं, उतरत्या पाण्यात आत गेलं की अडकायला होतं. तिथे कांदळाची कमानीसारखी मुळं, चिप्पीच्या झाडाची चिखलातून वर आलेली मुळांची टोकं, खंड्या हमखास आणि नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंब. आवाज केलात तर काहीच दिसणार नाही. फांद्या तोडू नका, कांदळवन तोडणं गुन्हा आहे.

मुक्काम उघड्या काठावर नसतो, ओळखीच्या घराच्या खळ्यात म्हणजे अंगणात असतो. संडास-बाथरूम आहे, वीज आहे, जेवण घरातल्या काकी करतात. माडाच्या खाली तंबू लावायचा नाही, सावली कितीही छान असो, रात्री नारळ किंवा झावळ पडली तर तंबूचं कापड काय अडवणार. संध्याकाळी मुलांना एक काम देतो, पाण्याच्या कडेला काठी रोवायची आणि दर अर्ध्या तासाने नवीन काठी. आठ वाजेपर्यंत सात-आठ काठ्या होतात, त्यातल्या पहिल्या पूर्ण बुडालेल्या असतात, आणि टॉर्च मारून बघताना पोरं अशी ओरडतात की विचारू नका. झोपायच्या आधी "उद्या किती वाजता निघायचं" ते मुलंच सांगतात.

मगरींबद्दल सगळे हळू आवाजात विचारतात, तर मोठ्याने सांगते. सिंधुदुर्गातल्या नद्यांत मगरी आहेत. त्या जास्त करून गोड्या पाण्याच्या भागात असतात, पण आम्ही ते गृहीत धरून चालत नाही. सूर्य मावळल्यावर कोणीही पाण्यात उतरायचं नाही, पाय धुवायला सुद्धा नाही, आणि मातीच्या उतरत्या काठावर मुलांना एकटं सोडायचं नाही. पोहणं फक्त आम्ही सांगू तिथे, दिवसा, जॅकेट घालून.

जॅकेटचं नीट वाचा. मापं वजनावर असतात, वयावर नाही. मुलाला घातल्यावर बकलं लावायची, पायांमधला पट्टा लावायचा आणि दोन्ही खांद्यांना धरून मुलाला वर उचलायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा, लाजू नका. निघण्याआधी प्रत्येक मूल जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात तरंगून दाखवतं, ते केल्याशिवाय आम्ही होडीत घेत नाही. रडलं तर थांबतो, समजावतो, पण ढकलत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना मुक्कामाच्या ट्रिपला घेत नाही. आई-वडिलांनीही जॅकेट घालायचंच, तुम्ही काढलंत की पाच मिनिटांत पोर काढतं.

पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट हवेत, स्लिपर चालणार नाही कारण गाळात स्लिपर राहते आणि पाय वर येतो. खडकांना कालवं म्हणजे शिंपले चिकटलेले असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. जखम छोटी दिसते पण खारं पाणी आणि चिखल लागून चिघळते. लांब बाह्यांचे जुने सुती शर्ट, टोपी, रात्रीसाठी फुल पँट आणि मोजे, कारण डास आणि चिलटं आहेत. खाडीचं पाणी पिता येत नाही, दर माणशी तीन लिटर आम्ही घेतो, सोबत कोकम सरबत. तुम्ही ओआरएसची दोन पाकिटं आणि मुलाची नेहमीची औषधं आणा. कपड्यांचा एक जोड जाड प्लास्टिक पिशवीत, तोंड पिळून दुमडून रबर लावून, आणि तो जोड कितीही मोह झाला तरी झोपायच्या वेळेपर्यंत उघडायचा नाही!

देवबागच्या संगमापर्यंत नेत नाही. तिथे उतरतं पाणी सरळ समुद्रात ओढतं, लाटा असतात, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी जोरात फिरतात. संगम बघायचाच असेल तर ट्रिप संपल्यावर गाडीने देवबागला जा, मुलांना भेळ खायला घाला.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये ऊन फार होतं, पावसाळ्यात बंदच. रेल्वेने कुडाळला उतरा, कोकणकन्या आणि तुतारी दोन्ही थांबतात, पण गाडीला उशीर झाला तर ओहोटी आपल्यासाठी थांबत नाही म्हणून आदल्या दिवशीच पोहोचा. तारीख बदलायची झाली, आमच्याकडून किंवा तुमच्याकडून, तर आठ दिवस आधीपर्यंत पैसे कापत नाही, पुढच्या पंधरवड्यातली तीच तिथी देतो.

बुकिंगचा मेसेज करताना प्रत्येक मुलाचं वय आणि आजचं खरं वजन लिहा, मागच्या वर्षीचं नको. दमा, फिट, कसली अ‍ॅलर्जी, अंधाराची भीती, अंथरूण ओलं होणं, काहीही असेल ते मोकळेपणाने सांगा, आमच्याकडे जादा चादरी आणि रबरी शीट आहे आणि ते इतर मुलांसमोर निघत नाही. मग आम्ही तिथी बघून दोन तारखा कळवू.