हौशी सुतारकाम (हातअवजारांचे)

पोटासाठी नव्हे तर आवडीखातर, आणि विजेच्या यंत्रांऐवजी करवत, रंधा (लाकूड तासून गुळगुळीत करणारे), पटाशी (सपाट धारेची छिन्नी), मोगरी (लाकडी हातोडा), गुण्या (काटकोन तपासायचे) अशा हातअवजारांनी केलेले लाकूडकाम. पाट, चौरंग, स्टूल, पेटी, लाकडी चमचे, मुलांची खेळणी या त्यातल्या नेहमीच्या वस्तू. काटकसर हे यामागचे कारण क्वचितच असते. अवजारांचा खर्च धरला तर स्वतः केलेले पहिले स्टूल बहुधा घरातले सर्वांत महागडे आसन ठरते.

गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, पाभर, बैलगाडी ही त्याची कामे, आणि पोरगा बापाशेजारी बसून बघत बघत ती शिके. हौशी माणसाला असा शेजार लाभत नाही. त्याला एक सवलत मात्र असते, ती म्हणजे चूक परवडते. धंद्यातल्या सुताराने गिऱ्हाइकाचे सागवान वाया घालवले तर नुकसान त्याच्या मजुरीतून जाते. हौशी माणूस मोडक्या खोक्याच्या पाइनवर तोच जोड पाच वेळा करून बघतो. करून, बिघडवून शिकण्याची रीत या सवलतीवरच उभी आहे.

ही रीत चालते, कारण लाकूड लगेच उत्तर देते. फळीवरून रंधा रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने चालला की सुर्र आवाज करत कागदासारखा पातळ पापुद्रा गुंडाळत वर येतो. दिशा उलटी पडली की रंधा अडखळतो आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो. फळी फिरवून दुसऱ्या टोकाकडून चालवली की बहुतेक वेळा काम भागते. गाठीजवळ रेषा दोन्हीकडून वळलेली असते, तिथे फळी फिरवूनही उपयोग नाही. पाते अगदी थोडे बाहेर ठेवून हलक्या हाताने जावे लागते. हे वाचून कळते, पण हाताला उमगते ते दोन-तीन फळ्या खरवडल्यावर.

नवशिका बहुतेकदा आपल्या हाताला दोष देतो. दोष धारेचा असतो. पटाशी आणि रंध्याच्या पात्याची धार साधारण २५ ते ३० अंशांत लावतात. आधी १००० क्रमांकाच्या धारेच्या दगडावर (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक) पाते घासायचे, पाठीकडच्या कडेला धातूची बारीक कोर बोटाला लागली की ६००० च्या दगडावर ती काढून टाकायची. नव्या पटाशीची पाठ सहसा सपाट नसते आणि ती सपाट केल्याखेरीज धार बसत नाही, ही गोष्ट फार उशिरा लक्षात येते. मऊ पाइनच्या तुकड्याच्या टोकाला, तंतू आडवे कापले गेलेत तिथे, पटाशी चालवून पाहावी. तंतू चुरगळले तर धार अपुरी, तुकतुकीत काप आला तर पुरेशी.

रंधा जुना आहे. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईतही रंधे सापडले. लाकडी रंध्यात पाते पाचरीने आवळतात आणि हातोडीच्या टिचक्या मारून मागेपुढे करतात. अमेरिकेतील लेनर्ड बेली यांनी एकोणिसाव्या शतकात स्क्रू फिरवून पाते खालीवर करता येईल अशी रचना केली. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्यांचा व्यवसाय घेतला आणि तो लोखंडी रंधा जगभर पसरला. जपानी रंधा ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. सुतारकाम हे शिक्षणाचे साधन म्हणून मांडले ते स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी, १८७० च्या दशकापासून. त्यांच्या ‘स्लॉइड’ पद्धतीत सोप्या वस्तूकडून अवघड वस्तूकडे जात. हेतू सुतार घडवण्याचा नव्हता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हेही या छंदातले. १९८१ मध्ये पद सोडताना सहकाऱ्यांनी त्यांना सुतारकामाच्या अवजारांचीच भेट दिली.

काही चुका मात्र सावकाश उघड होतात. पावसाळ्यात दार फुगते हे घरोघरी ठाऊक असते, तरी हौशी माणूस रुंद फळी खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूने घट्ट आवळतो आणि ती उन्हाळ्यात तडकते. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. सागवान ओले ते पूर्ण कोरडे होताना वाढवलयांच्या (खोडाच्या कापावर दिसणाऱ्या वर्तुळांच्या) दिशेने ५.८ टक्के, तर त्यांना आडव्या दिशेने फक्त २.५ टक्के आटते. सागवान लोकांच्या आवडीचे असण्याचे हेही एक कारण. इतर अनेक लाकडे याहून जास्त आटतात. उपाय साधा आहे. पट्टीतली स्क्रूची भोके लांबट ठेवायची, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते.

सर्वांत बोलकी चूक डुगडुगत्या स्टुलाची. लांब वाटणारा पाय थोडा कापावा, मग दुसरा लांब वाटतो. असे करत स्टुलाचा चौरंग होतो आणि चौरंगाचा पाट. त्याऐवजी सपाट जागेवर पायांखाली पाचरी सरकवून स्टूल स्थिर करतात. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून तो चारही पायांभोवती फिरवतात आणि त्या रेघेवर एकदाच कापतात. तीन पायांच्या स्टुलाला एवढा खटाटोप लागत नाही. ते उंचसखल शहाबादी फरशीवरही डुगडुगत नाही.